मानखुर्द ते दुबई : पहिल्या महिन्यांचा खर्च आणि शहराशी ओळख

दुबईची नोकरी पक्की झाली की घरात पहिली चर्चा पगाराची होते. महिन्याला किती मिळणार, त्यातले घरी किती येणार? त्याआधी विचारायला हवं ते असं : पहिला पगार हातात पडेपर्यंत तिथे राहायचं कशावर? व्हिसा आणि तिकीट झालं म्हणजे खर्च संपला, असं धरून निघणारा माणूस पहिल्याच महिन्यात कुणाकडून तरी उसने घेतो, आणि मग वर्षभर ते फेडत बसतो.

दुबईत बस्तान बसवणं महाग आहे. रोजचं जगणं हिशेबाने केलं तर आटोक्यात राहतं. आणि शहराचे साधे आनंद फारच स्वस्त आहेत. म्हणून बस्तानाचे पैसे मानखुर्दहून निघतानाच बाजूला काढायचे आणि आनंदाचे थोडे पैसे पहिल्या महिन्यापासून खर्चात धरायचे. लल्लूभाई कंपाऊंड, महाराष्ट्र नगर, मंडाळा इथून एसी, वायरिंग, ड्रायव्हिंग, हॉटेल किंवा ऑफिसच्या कामासाठी निघणाऱ्या एकट्या माणसाला समोर ठेवून हे आकडे मांडले आहेत.

हिशेबासाठी १ दिरहम म्हणजे २४ रुपये धरले आहेत. दिरहमचा भाव डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. त्यामुळे रुपया डॉलरपुढे घसरला की दिरहम महाग होतो आणि घरी जास्त रुपये पोचतात. रुपया वधारला की कमी. सरकारी शुल्कं अधूनमधून बदलतात, तेव्हा पैसे भरण्याआधी त्या दिवसाचा दर पाहून घ्या.

निघण्याआधीचा खर्च

३६ पानी पासपोर्टचं शुल्क १,५०० रुपये आहे. तत्काळ हवा असेल तर वर आणखी २,००० रुपये. पोलीस पडताळणी पत्त्याप्रमाणे मानखुर्द किंवा ट्रॉम्बे पोलीस ठाण्याकडून होते. आधार, रेशन कार्ड आणि दहावीच्या दाखल्यावर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, हे अर्ज भरण्याआधी पाहा. पुनर्वसनाच्या इमारतीत राहायला आलेल्या घरांत जुन्या वस्तीचा पत्ता एका कागदावर आणि नव्या इमारतीचा दुसऱ्या कागदावर असं बरेचदा असतं. ते आधी सरळ करून घ्या. पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र कंपनीने मागितलं तर पासपोर्ट सेवेतूनच मिळतं. शुल्क ५०० रुपये.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ शिक्का येतो. संयुक्त अरब अमिरातीसह आखातातल्या देशांत नोकरीला जाताना त्यांना सरकारची परवानगी लागते. ती ई-मायग्रेट या सरकारी यंत्रणेतून मिळते. मुंबईतलं कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात आहे. त्यांच्यासाठी प्रवासी भारतीय विमा योजनाही सक्तीची आहे. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास १० लाखांचं संरक्षण. दहावी झालेल्यांनीही हा विमा घ्यावा. इतक्या कमी पैशात घराला एवढा आधार दुसरीकडून मिळत नाही.

सगळ्यांत जास्त पैसे जातात ते एजंटकडे. भारताच्या नियमानुसार नोंदणीकृत एजंट जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३५,४०० रुपये सेवाशुल्क घेऊ शकतो. लाख-दीड लाख मागणारा माणूस नियमाबाहेर मागतो आहे. अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्याप्रमाणे तर भरतीचा कोणताही खर्च कंपनीने कामगाराकडून थेट किंवा आडवळणाने वसूल करायचा नाही. एजंटचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेटवर तपासा, पैसे बँकेतून द्या, पावती घ्या. ‘आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथे कामाला लागा’ असं कुणी सांगितलं तर थांबा. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे बेकायदा आहे.

पदवी किंवा डिप्लोमाच्या आधारावर नोकरी असेल तर प्रमाणपत्र साक्षांकित करावं लागतं. आधी राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीचा वाणिज्य दूतावास, आणि शेवटी दुबईत त्यांचं परराष्ट्र खातं, ज्याचं शुल्क एका कागदाला १५० दिरहम आहे. याला आठवडे जातात, म्हणून ऑफर लेटर येताच काम सुरू करा.

बँकेला परदेशी नोकरीचं कळवून चालू बचत खातं एनआरओ करून घ्या आणि पगार पाठवण्यासाठी एनआरई खातं उघडा. एनआरई खात्यावरच्या व्याजाला भारतात कर लागत नाही. रोख परकी चलन एका वेळी ३,००० डॉलरच्या मर्यादेत नेता येतं.

विमानतळाला जायला सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता सोयीचा पडतो. मीटरप्रमाणे रिक्षाला साधारण सव्वादोनशे ते तीनशे रुपये होतात. मध्यरात्रीनंतर पंचवीस टक्के जास्त.

बॅग भरताना घरच्या बायकांना एक गोष्ट आवर्जून सांगा : खसखस अजिबात द्यायची नाही. अमिरातीत ती अमली पदार्थांच्या नियमाखाली बंद आहे. अनारसे, खसखस लावलेले लाडू, खसखस घातलेला घरचा मसाला, सगळंच टाळा. गुटखाही नको. ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेली औषधं पूर्वपरवानगीशिवाय नेता येत नाहीत. बाकी औषधांची डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असू द्या.

करारावर सही करताना

पगाराचा एकूण आकडा पाहून समाधान मानू नका. मूळ पगार, म्हणजे ‘बेसिक’, किती लिहिला आहे ते पाहा. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी त्याच्यावरच ठरते : पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी २१ दिवसांचा मूळ पगार, त्यापुढे ३० दिवसांचा. एकूण पगार मोठा आणि बेसिक अगदी लहान असेल तर तोटा शेवटी तुमचा.

व्हिसा, वैद्यकीय तपासणी, एमिरेट्स आयडी आणि आरोग्य विमा हा कंपनीचा खर्च आहे. पगार ‘वेज प्रोटेक्शन सिस्टीम’मधून, म्हणजे सरकारला दिसेल अशा मार्गाने, झाला पाहिजे. प्रोबेशन सहा महिन्यांपेक्षा जास्त असत नाही. पासपोर्ट तुमच्याकडेच राहिला पाहिजे. तो ठेवून घेण्याचा अधिकार कंपनीला नाही.

एक छोटा खर्च मात्र तुमचा आहे. नोकरी गेल्यास आधार देणारा विमा २०२३ पासून सक्तीचा झाला आहे. मूळ पगार १६,००० दिरहमपर्यंत असेल तर महिन्याला ५ दिरहम, वर व्हॅट. न काढल्यास ४०० दिरहम दंड. सलग बारा महिने हप्ते भरलेले असतील आणि स्वतःचा दोष नसताना नोकरी गेली, तर मूळ पगाराच्या ६० टक्के रक्कम तीन महिन्यांपर्यंत मिळू शकते.

राहायचं कुठे

कंपनीची खोली मिळत असेल तर पहिलं वर्ष ती सोडू नका. नसेल तर बहुतेक जण ‘बेड स्पेस’ घेतात, म्हणजे सामायिक खोलीतली एक खाट. करामा, बर दुबई, देरा, सतवा, अल कुसैस या भागांत महिन्याला साधारण ७०० ते १,००० दिरहम धरा. वीज, पाणी, वायफाय आणि स्वयंपाकघराचा वापर त्यात धरला आहे का, हे आधी विचारा. बहुतेक ठिकाणी थोडी अनामतही मागतात.

प्लायवूडच्या भिंती घालून एका खोलीच्या तीन केलेल्या जागा स्वस्त दिसतात, पण परवानगीशिवाय असं पार्टिशन बेकायदा आहे. जून २०२५ मध्ये दुबई नगरपालिकेने अल रिग्गा, अल मुरक्कबात, अल बर्शा, सतवा आणि अल रफा भागांत अशा जागांवर कारवाई केली. अशा वेळी भाडेकरूला ऐनवेळी बाहेर पडावं लागतं आणि दिलेली अनामत परत मिळेलच असं नाही. जागा घेताना भाडेकराराची नोंद, म्हणजे ‘इजारी’, कुणाच्या नावावर आहे आणि राहणाऱ्यांत तुमचं नाव नोंदवणार का, हे विचारा.

स्वतंत्र घराचा खर्च कसा चढतो ते पाहा. समजा स्टुडिओचं वर्षाचं भाडं ४०,००० दिरहम आहे आणि मालक चार चेक घ्यायला तयार आहे.

- पहिला चेक : १०,०००
- अनामत, ५ टक्के (फर्निचरसह घर असेल तर १०) : २,०००
- दलाली, ५ टक्के, आणि त्यावरचा व्हॅट : २,१००
- इजारी : सुमारे २२०
- वीज-पाण्याची अनामत, ‘देवा’ या वीज-पाणी पुरवणाऱ्या संस्थेकडे : २,०००
- जोडणी : सुमारे ११०

एकूण १६,४३० दिरहम, म्हणजे जवळजवळ ३ लाख ९४ हजार रुपये, आणि घरात अजून गादीही आलेली नाही. शिवाय वार्षिक भाड्याच्या ५ टक्के ‘हाउसिंग फी’ बारा हप्त्यांत वीजबिलातून जाते. इथे ती महिन्याला १६७ दिरहम होते. एसीचं गार पाणी पुरवणाऱ्या कंपनीचं, ‘चिलर’चं, बिल भाड्यात आहे की वेगळं, हेही विचारा. उन्हाळ्यात त्याने महिन्याचा हिशेब बदलतो. तुमचे पुढच्या तारखांचे चेक मालकाकडे असतात, तेव्हा प्रोबेशन संपेपर्यंत घराचा करार करू नये.

बायकामुलांना नेण्यासाठी पगार किमान ४,००० दिरहम, किंवा ३,००० आणि राहण्याची सोय, लागतो. ती कायद्याची किमान अट आहे. घरभाडं आणि शाळेची फी धरल्यावर तेवढ्यात भागणार नाही.

प्रवास

हार्बरच्या पासाची सवय असलेल्याला दुबईची मेट्रो लवकर अंगवळणी पडते. नोल नावाचं कार्ड २५ दिरहमला मिळतं, त्यातले १९ प्रवासासाठी वापरता येतात. एका झोनमध्ये ३ दिरहम, शेजारच्या दोन झोनमध्ये ५, त्यापलीकडे ७.५. तेच कार्ड बस आणि ट्रामला चालतं. तीस दिवसांचा पास एका झोनला १४०, दोन झोनला २३० आणि सगळ्या झोनला ३५० दिरहम.

पास घ्यावा का? दोन झोनचा रोजचा येण्याजाण्याचा खर्च १० दिरहम. आठवड्याला सहा दिवस काम असेल तर महिन्याला २६० होतात, म्हणून २३० चा पास परवडतो. पाच दिवस काम असेल तर २२० च होतात. सुट्टीला फिरणार असाल तरच पास घ्या. बाकी दोन्ही पासांचा हिशेबही असाच निघतो.

मेट्रोत खाणं-पिणं किंवा च्युइंगम चघळणं यासाठी १०० दिरहम दंड आहे. महिला आणि मुलांच्या डब्यात पुरुष चढला तरी तेवढाच. तिकिटाशिवाय प्रवासाला २००. ठरवून दिलेली जागा सोडून रस्ता ओलांडला तर ४००, आणि वेगवान रस्त्यांवर शिक्षा त्याहून कडक. घाटकोपर-मानखुर्द जोडरस्ता गाड्यांमधून वाट काढत ओलांडायची सवय इथेच सोडून जा.

जेवण

स्वतः किंवा खोलीतल्या मंडळींबरोबर स्वयंपाक केला तर महिन्याला ६०० ते ८०० दिरहमांत पोटभर आणि नीट खाता येतं. रोज बाहेर जेवलात तर हा आकडा सहज दुप्पट होतो. डाळ, तांदूळ, पोहे, ज्वारीचं पीठ, लोणची, सगळं मिळतं, तेव्हा बॅगेतले किलो त्यावर घालवू नका. ‘अल अदिल’ हे भारतीय वाणसामानाचं दुकान मराठी माणसाचं. महादेव दातार यांनी १९८४ मध्ये दुबईत ते सुरू केलं आणि धनंजय दातार यांनी वाढवलं. लुलूसारख्या मोठ्या दुकानांतल्या आठवड्याच्या सवलती पाहून खरेदी केली तर भाजी-फळांत बरीच बचत होते.

मासे खाणाऱ्याने देरातलं वॉटरफ्रंट मार्केट पाहावं. जुन्या मासळीबाजाराच्या जागी २०१७ मध्ये ते सुरू झालं. सुरमई तिथे ‘कनद’ म्हणून आणि पापलेट ‘झुबैदी’ म्हणून मागा. मासे साफ करून द्यायची सोय तिथेच आहे. चार जणांनी मिळून सुट्टीच्या दिवशी एक मोठी सुरमई घेतली की खोलीत कालवणाचा वास दरवळतो, आणि माणशी खर्च हॉटेलच्या एका ताटापेक्षा कमी येतो.

फोन, बँक आणि घरी पैसे पाठवणं

व्हॉट्सॲपवर संदेश चालतात, पण तिथून व्हॉइस आणि व्हिडिओ कॉल लागत नाहीत. परवानगी असलेलं बोटिमसारखं ॲप घरच्यांच्या फोनवर निघण्याआधीच घालून, एकदा बोलून पाहा. दुबईची वेळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे.

बँक खात्यात किमान शिल्लक विचारा. अनेक बँकांत ती ३,००० दिरहम असते आणि कमी झाली की दर महिन्याला पैसे कापतात. कंपनीच्या पगार खात्याला बहुधा ही अट नसते. पैसे पाठवताना एक्स्चेंजचं शुल्क साधारण २० दिरहमच्या आसपास असतं, पण एवढ्यावर निवड करू नका. ‘हजार दिरहम दिले तर मानखुर्दच्या खात्यात किती रुपये पडतील?’ एवढंच दोन-तीन ठिकाणी विचारा. शुल्क आणि दर दोन्ही त्या उत्तरात येतात. शुल्क प्रत्येक वेळी लागतं, म्हणून थोडेथोडे पाठवण्यापेक्षा महिन्यातून एकदाच पाठवा.

शहराचे आनंद आणि त्यांचे दर

खाडी ओलांडणारी लाकडी होडी, ‘अब्रा’, १ दिरहम घेते. बर दुबईहून देराला जा, मसाल्याच्या आणि सोन्याच्या बाजारातून चाला, संध्याकाळी परत या. या प्रवासात शहराचं जुनं व्यापारी रूप दिसतं. शेजारच्या अल फहीदीच्या जुन्या वस्तीतल्या गल्ल्यांत फिरायला पैसे लागत नाहीत. कोपऱ्यावरचा कडक चहा, तिथल्या भाषेत ‘करक’, एक-दोन दिरहमला मिळतो.

झबील पार्क, क्रीक पार्क आणि अल ममझर बीच पार्क यांचं प्रवेशशुल्क ५ दिरहम. ममझरला सोमवार आणि बुधवार महिलांसाठी राखीव असतात. काइट बीच आणि जुमेराचे सार्वजनिक किनारे फुकट आहेत. बुर्ज खलिफावर चढायला महाग तिकीट लागतं. खालच्या तळ्यातल्या कारंज्यांचा खेळ उभं राहून फुकट पाहता येतो. अल जद्दाफचं मोहम्मद बिन रशीद ग्रंथालय २०२२ मध्ये सुरू झालं. उन्हाळ्यात खोलीत जीव गुदमरतो तेव्हा तिथे थंड हवेत बसून वाचता येतं, तेही मोफत. हिवाळ्यात भरणाऱ्या ग्लोबल व्हिलेजचं तिकीट २५ ते ३० दिरहम.

ठाणे खाडीच्या काठावर वाढलेल्या माणसाने रास अल खोर चुकवू नये. शहराच्या मधोमध खाडीच्या टोकाला असलेल्या या अभयारण्यात हिवाळ्यात फ्लेमिंगो उतरतात. आडोशातून ते पाहायला पैसे पडत नाहीत. आपली ठाणे खाडी २०२२ मध्ये रामसर यादीत आली, रास अल खोर २००७ पासून त्या यादीत आहे.

जेबेल अलीचं हिंदू मंदिर ऑक्टोबर २०२२ मध्ये खुलं झालं. शेजारीच गुरुद्वारा आहे. गणेशोत्सव आणि मराठी कार्यक्रमांसाठी महाराष्ट्र मंडळ, दुबईकडे चौकशी करा. मंडळाच्या कामाची आवड असणाऱ्यांनी एक लक्षात ठेवायचं : तिथे परवाना नसताना वर्गणी गोळा करणं गुन्हा आहे, मग कारण कितीही चांगलं असो. इमारतीतल्या चार ओळखीच्यांकडूनही मागू नका. तसंच परवानगीशिवाय कुणाचा फोटो काढू नका.

नोव्हेंबर ते मार्च बाहेर भटकण्याचे महिने. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. १५ जून ते १५ सप्टेंबर उघड्यावरचं काम दुपारी साडेबारा ते तीन बंद ठेवणं कंपनीवर बंधनकारक आहे.

एका महिन्याचा नमुना

पगार ३,००० दिरहम, खोली आणि प्रवास स्वतःचा, अशा माणसाचा महिना असा :

- बेड स्पेस : ८००
- जेवण : ७००
- दोन झोनचा पास : २३०
- फोन : १००
- कपडे धुणं, केस कापणं, किरकोळ : १२०
- नोकरी विमा : ५
- आनंदासाठी : १५०

खर्च २,१०५, उरले ८९५ दिरहम, म्हणजे साधारण साडेएकवीस हजार रुपये. त्यातले २०० दिरहम अडीअडचणीला तिथेच ठेवले तर घरी साडेसोळा-सतरा हजार येतील. तीन हजार दिरहम म्हणजे ७२ हजार रुपये, हे खरं. पण घरच्यांनी कर्जाचा हप्ता ठरवायचा तो सतरा हजारांवर. हाच पगार खोली आणि गाडीसह असेल तर १,०३० दिरहम आणखी वाचतात. म्हणून खोलीसह २,५०० ची ऑफर खोलीशिवायच्या ३,००० पेक्षा सरस ठरते.

पहिला पगार यायला दीड-दोन महिने लागू शकतात. त्या काळाची पुंजी : दोन महिन्यांचं बेडभाडं १,६००, अनामत ५००, जेवण १,४००, कार्ड आणि पास ४८५, फोन २००, अचानक खर्चाला ५००. एकूण ४,६८५ दिरहम, म्हणजे सुमारे १ लाख १२ हजार रुपये. कंपनीची खोली असेल तर १,५०० ते २,००० दिरहमांत भागेल.

अडचण आली तर

भारतीय दूतावासाच्या प्रवासी भारतीय साहाय्यता केंद्राचा अमिरातीतला मोफत क्रमांक ८००४६३४२. पगार थकला, पासपोर्ट अडकवला, तर तिथे सांगा. कामगार मंत्रालयाचा क्रमांक ६००५९००००. भारतातून चौकशीसाठी १८०० ११ ३०९०. हे तीनही क्रमांक घरच्या वहीत लिहून ठेवा, आणि पासपोर्ट, करार, विमा यांच्या प्रती घरी एकाच पाकिटात ठेवा.

कर्ज लवकर फिटावं म्हणून पहिल्या वर्षी अनेक जण नमुन्यातली १५० दिरहमांची ओळ आधी खोडतात. ती राहू द्या. १५० दिरहम वाचवून घरी ३,६०० रुपये जास्त जातात. पण सुट्टीचा प्रत्येक दिवस खोलीत झोपून काढणाऱ्याला शहर परकंच राहतं, आणि कंटाळून मुदतीआधी परतणाऱ्याचं नुकसान त्याच्या कितीतरी पट असतं. बचत करायची ती एजंटच्या जादा पैशांत, घाईने घेतलेल्या घरात आणि रोजच्या हॉटेलात करा. सही करण्याआधी वरच्या यादीत तुमचे स्वतःचे आकडे घरच्यांसमोर बसून भरा. घरी जाणारी रक्कम सगळ्यांना मान्य असेल आणि पहिल्या दोन महिन्यांची पुंजी खरोखर हातात असेल, तरच होकार द्या.